शनिवारीत मिळालेलं मॅन्डोलिन १९३८चं आहे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. नागपूरच्या शनिवारी बाजारात, जुन्या पंख्यांच्या आणि कुकरच्या ढिगाऱ्यात तुम्हाला एक मॅन्डोलिन दिसलं. विकणाऱ्याने सहा हजार सांगितले, तुम्ही ४,२०० रुपयांत घरी आणलं. डोक्यावर, म्हणजे चाव्या असतात त्या टोकाला, सोनेरी अक्षरांत ‘गिब्सन’ लिहिलेलं आहे. भोकातून आत पाहिलं तर दोन लेबलं दिसतात: एक कलकत्त्याच्या दुकानाचं, अर्धं फाटलेलं, आणि दुसरं छोटं, नागपूरच्या विक्रेत्याचं. शेजारी लाकडावर पेन्सिलीने ३८ हा आकडा आहे. ‘हे १९३८चं गिब्सन आहे का, आणि असेल तर किंमत किती?’ असं तुम्ही विचारलंय आणि सोबत अकरा फोटो दिलेत.

मी नागपूरच्या महाल भागात गेली तीसेक वर्षं वाद्यदुरुस्तीचं काम करतो. पोट भरतं ते हार्मोनियम आणि गिटारवर. मॅन्डोलिन वर्षाला चार-पाच येतात, पण जीव लागतो तो त्यांच्यातच. तेव्हा उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे, तुम्ही एकच प्रश्न विचारलाय असं वाटतं, पण त्यात चार गुंतलेले आहेत. हे वाद्य कोणी बनवलं? कधी बनवलं? कधी विकलं गेलं? आणि विकल्यानंतर त्याच्या अंगावर काय काय चढलं-उतरलं? लेबल, पेन्सिलीचा आकडा, तारा ताणायच्या चाव्या, पॉलिश, डोक्यावरचं नाव यांतली प्रत्येक खूण फक्त स्वतःबद्दल बोलते. चाव्या सांगतात चाव्या कधीच्या, लेबल सांगतं लेबल कधीचं. दुकानात लोक येतात ते एक खूण पकडून येतात आणि अख्खं वाद्य तिला टांगतात. मीही तेच केलंय, ते पुढे सांगतो.

गिब्सनचं आधी उरकून टाकू, कारण त्यात फार वेळ घालवण्यासारखं नाही. हे गिब्सन नाही.

कशावरून? ऑर्व्हिल गिब्सन हा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावचा कारागीर. त्याने १८९८ मध्ये पेटंट घेतलं ते व्हायोलिनसारखं जाड लाकूड कोरून मॅन्डोलिन करण्याच्या कल्पनेवर, आणि १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. त्यामुळे गिब्सनच्या नेहमीच्या मॅन्डोलिनची तबली, म्हणजे तारांखालची समोरची फळी, मधे फुगीर असते. तुम्ही सातव्या फोटोत तबलीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवलीय (हे न सांगता केलंत, शाबास). ती पट्टी दोन्ही टोकांना टेकलेली आहे, मधे डुगडुगत नाही. म्हणजे तबली सपाट. आता कोणी म्हणेल की गिब्सनने सपाट तबलीचीही केली होती. बरोबर आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘आर्मी-नेव्ही’ नावाचं एक मॉडेल निघालं होतं, पण त्याचं अंग भाकरीसारखं गोल. तुमचं बदामाच्या आकाराचं आहे. शिवाय गिब्सनने १९२०च्या दशकात दांडीच्या पोटात लोखंडी सळई घालायला सुरुवात केली. तिचा नट झाकायला डोक्यावर छोटं झाकण असतं. तुमच्या डोक्यावर झाकण नाही, झाकणाची जागाही नाही.

पण मला सगळ्यात पटलेला पुरावा तुमच्या दुसऱ्या फोटोत आहे. डोक्यावर आडवे जुने ओरखडे आहेत. ते ‘गिब्सन’च्या अक्षरांपाशी येतात आणि अक्षरांच्या खालून पलीकडे जातात. ओरखडे आधी पडले, नाव नंतर चिकटलं. कोणीतरी हौसेने लावलेलं स्टिकर आहे ते. फसवायलाच लावलं असेल असं नाही हं. सायकलवर ‘हिरो होंडा’ लिहिणारे आपल्याकडे कमी नाहीत.

खरं गिब्सन असतं तर काम किती सोपं झालं असतं, तेही ऐका. त्यांच्या जुन्या वाद्यांत लेबलवर क्रमांक असतो आणि आत, दांडी जिथे अंगाला जोडलेली असते त्या ठोकळ्यावर कारखान्याच्या ऑर्डरचा आकडा उमटवलेला असतो. त्या आकड्यांवरून वर्षाच्या आसपास पोहोचता येतं. १९१९ ते १९२४ या काळात लॉइड लोअर नावाचा माणूस तिथे होता. त्याने तपासलेल्या एफ-५ या मॉडेलच्या मॅन्डोलिनांत त्याच्या सहीचं तारखेसकट लेबल असायचं. अमेरिकन वादक बिल मन्रो याचं मॅन्डोलिन क्रमांक ७३९८७ आहे आणि सही ९ जुलै १९२३ची. दिवससुद्धा माहीत! आपल्याकडच्या वाद्यांना ही चैन नाही. कलकत्त्याच्या कारागिरांनी असे आकडे मारले नाहीत, मारले तर त्यांच्या वह्या आपल्यापर्यंत आल्या नाहीत. म्हणून आपल्याला वेगळ्या वाटेने जावं लागतं.

ती वाट म्हणजे लेबल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या वाद्यातली खरी गंमत त्या छोट्या लेबलात आहे आणि तुम्ही त्याचा फोटो सगळ्यात शेवटी, तोही हललेला टाकलाय.

नागपूरच्या विक्रेत्याचं नाव अर्धं पुसलंय, ते असू द्या. खाली इंग्रजीत ‘नागपूर, एम. पी.’ आहे. आजच्या पोराला वाटेल छपाईची चूक. पण आपल्या आजोबांना विचारा. हे शहर एकाच जागी बसून चार पत्त्यांवर राहिलं आहे. आधी मध्य प्रांत, म्हणजे ‘सी. पी.’, पुढे ‘सी. पी. अँड बेरार’. २६ जानेवारी १९५०ला त्याचं मध्य प्रदेश झालं आणि नागपूर त्याची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६०ला महाराष्ट्र. म्हणजे ‘नागपूर, एम. पी.’ असं छापायला कारण असलेली वर्षं जेमतेम पावणेसात. कुठल्याही शहराच्या लेबलवर इतकी अरुंद खिडकी सहसा मिळत नाही. पुण्याच्या दुकानाचं लेबल असतं तर मी हात टेकले असते.

त्याच लेबलवर शाईने किंमत आहे: ४५-८-०. तुम्ही त्याला मॉडेल नंबर समजलात. ते पंचेचाळीस रुपये आठ आणे आहेत. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि आणे गेले. पुढे काही वर्षं ‘नये पैसे’ चालले, १९६४ मध्ये त्यातलं ‘नये’ही गेलं. म्हणजे किंमत बहुधा १९५७च्या आधी लिहिलेली. हा दुसरा पुरावा पहिल्याशी जुळतो आणि दोघं एकमेकांवर अवलंबून नाहीत, कारण पत्ता छापखान्यात छापला गेला आणि किंमत दुकानात हाताने लिहिली गेली. मला असा मेळ बसला की हायसं वाटतं.

आता यातली फट सांगतो. दुकानदार लेबलं हजाराच्या गठ्ठ्याने छापून घेतो. पत्ता बदलला म्हणून गठ्ठा फेकून देणारा दुकानदार मी तरी पाहिला नाही. त्यामुळे ‘एम. पी.’ हे १९५७-५८ मध्येही चिकटवलं गेलं असू शकतं. उलट ‘सी. पी.’चं लेबल १९५२ मध्ये कोणी चिकटवलं असेल, तर तेही नवल नाही. म्हणून पत्ता बदलल्याची तारीख ही फक्त खालची मर्यादा पक्की करते: २६ जानेवारी १९५०च्या आधी ‘नागपूर, एम. पी.’ छापायला कोणाला स्वप्न पडलं नव्हतं. वरची मर्यादा सैल असते. ती इथे आण्यांनी आवळली.

कलकत्त्याच्या फाटक्या लेबलवर रस्त्याचं नाव गेलंय, पण ‘कलकत्ता-१२’ वाचता येतं. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ला आला. त्याआधी मोठ्या शहरांत असे एक-दोन आकडी विभाग चालायचे. पुढे तेच कलकत्ता-१२ म्हणजे ७०००१२ झालं. सहा आकडे असते तर वाद्य १९७२ नंतर विकलेलं. कोलकाता असं लिहिलं असतं तर २००१ नंतरचं. हीच युक्ती मुंबईच्या लेबलाला लावा: ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’, बदल १९९५चा. कलकत्त्यात लालबाजार आणि रवींद्र सरणी, म्हणजे जुना लोअर चितपूर रोड, हा वाद्यांचा मोठा बाजार. तिथला माल रेल्वेने थेट नागपूरला उतरायचा. त्या काळी सिनेमाच्या संगीतात मॅन्डोलिन जोरात होतं. सज्जाद हुसेन तर स्वतःच मॅन्डोलिनचे उस्ताद, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांतही आधी मॅन्डोलिनवादक. बाप्पा, धंतोलीतल्या बंगल्यापासून रेल्वे क्वार्टरपर्यंत हे वाद्य तेव्हा घराघरात शिरलं. माझ्याकडे येणारी बहुतेक जुनी मॅन्डोलिन अशीच: आजोबांनी हौसेने घेतली, वर्षभर वाजवली, मग पलंगाखाली.

पेन्सिलीचा ३८ राहिला. तुम्ही त्यावर फार भिस्त ठेवलीय, म्हणून वाईट वाटतं सांगायला. कारागीर वाद्याच्या आत पेन्सिलीने काहीही लिहितो. तबली आणि पाठ एकाच वाद्याची आहे हे कळावं म्हणून जोडीचा आकडा, किती नग झाले तो आकडा, मजुरीचा हिशेब. मी स्वतः दुरुस्तीला आलेल्या वाद्यात बारीक अक्षरात तारीख आणि आद्याक्षरं लिहितो. शंभर वर्षांनी कोणीतरी त्यावरून हे वाद्य माझं ठरवेल. वर्ष लिहायचंच असेल तर माणूस शक्यतो दिवस किंवा महिनाही लिहितो, किंवा निदान चार आकडे. नुसता ३८ हा पुरावा म्हणून वापरू नका. लेबलांनी १९५०चं दार लावून घेतलंय, तेव्हा ३८ला वर्ष मानायचं तर वाद्य बारा वर्षं दुकानात पडून होतं असं म्हणावं लागेल. अशक्य नाही, पण त्यासाठी दुसरा काही आधार हवा.

इथवरचा हिशेब एकदा मांडतो: कलकत्त्यात बनलेलं किंवा निदान तिथल्या दुकानातून निघालेलं, नागपुरात १९५० ते १९५७च्या दरम्यान विकलेलं. ‘बनलेलं’ आणि ‘दुकानातून निघालेलं’ यांत मी मुद्दाम फरक करतोय. दुकानदार दुसऱ्याच्या हातचा मालही स्वतःच्या लेबलने विकायचे. पण कलकत्त्याच्या लेबलखालचं लाकूड आणि बाकीचं आतलं लाकूड यांचा रंग पाहता येईल. लेबलाचा कोपरा सुटलाय तिथे खालचं लाकूड फिकं दिसतंय, बाजूचं तपकिरी. म्हणजे लेबल फार आधीपासून, बहुधा नवं असतानाच लागलं. खोट्या जुनेपणासाठी लोक आत चहाचं पाणी फिरवतात. तसं असतं तर डाग ठोकळ्याच्या कोपऱ्यांत साचले असते. तुमच्या फोटोत तपकिरी रंग सगळीकडे सारखा आहे, धुळीखालीही.

आता माझी फजिती. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांनी भोपळ्यासारख्या पाठीचं मॅन्डोलिन आणलं. नेपल्सच्या पद्धतीचं, पट्ट्या-पट्ट्यांची खोल पाठ, तबली घोडीच्या (तारा टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागे किंचित वाकलेली. लेबलवर पदकांची चित्रं आणि १८९२ छापलेलं. मी लगेच छाती फुगवून सांगितलं, १८९२. ते खूश, मी खूश. आठवड्याने साफ करताना आत ‘हितवाद’च्या वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवलेला दिसला, त्यावर चाळीसच्या दशकातली बातमी. मग मी फोन करून सांगितलं, चुकलो, हे चाळीसच्या दशकातलं. तेही चूकच निघालं. तुकडा पाठीच्या एका चिरेवर होता, म्हणजे दुरुस्तीचा. आणि १८९२ हे कंपनीला कुठल्याशा प्रदर्शनात पदक मिळाल्याचं वर्ष होतं. इटालियन लेबलांवर अशी पदकं सर्रास असतात आणि त्यांची वर्षं पुढेही छापत राहतात. शेवटी मी एवढंच लिहून दिलं: १८९२ नंतर, चाळीसच्या दशकाच्या आधी. ते गृहस्थ दुसऱ्यांदा फोन ठेवताना म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही हळूहळू हुशार होऊन राहिलेत.’

तेव्हापासून मी खुणांचे दोन ढीग करतो. एका ढिगात बदलता न येणाऱ्या: अंगाचा आकार, दांडीचा सांधा, आतल्या पट्ट्या, तबलीचं लाकूड. दुसऱ्यात बदलता येणाऱ्या: चाव्या, घोडी, पडदे (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), टेलपीस (तारांची खालची टोकं अडकतात तो भाग), पॉलिश, नाव. पहिल्या ढिगाचं ऐकायचं. दुसऱ्याकडून फक्त वाद्याच्या आयुष्याची गोष्ट ऐकायची.

तुमच्या दुसऱ्या ढिगात बरंच काही आहे. चाव्यांच्या पट्ट्या फुलीच्या खाचेच्या स्क्रूंनी बसवल्यात, ज्यांना आपण स्टार स्क्रू म्हणतो. हे स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचे, त्याआधी सरळ खाच. तुमच्या वाद्याच्या वयाला ते चालून जातात. पण पट्टीच्या कडेने फिकट लाकडाची बारीक रेघ दिसतेय, आणि एक रिकामं भोक. आधीची पट्टी मोठी होती, ही नंतर बसवली. घोडी सागवानाची आहे. रंग आणि रेषा पाहून मला तरी शंका नाही. कलकत्त्याचा कारागीर शिसम वापरेल, सागवानाची घोडी आपल्या भागातल्या सुताराने केली असणार. वाजायला ती जरा बोजड, पण बदलली तरी फेकू नका, ठेवून द्या. तिचाही इतिहास आहे.

पॉलिशसाठी दोन साध्या परीक्षा आहेत. चाव्यांच्या पट्टीखाली किंवा टेलपीसच्या आड, जिथे कोणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर थेंबभर स्पिरिट घेऊन टेकवा. लाखेचं जुनं फ्रेंच पॉलिश असेल तर ते चिकट होईल. फर्निचरवरचं नंतरचं काचेसारखं पॉलिश असेल तर काहीच होणार नाही. दुसरी, नोटा तपासायची जांभळी टॉर्च अंधारात मारा. लाखेचं पॉलिश नारिंगीसर चमकतं, नव्याने रंगवलेले तुकडे वेगळ्या रंगाने उठून दिसतात. तुमच्या तबलीवरची चकाकी मला जास्त वाटते. पुन्हा पॉलिश झालंय बहुधा, स्टिकर लावण्याच्या वेळीच. हे फोटोवरून, हातात घेतल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

बोटांच्या खाली तबलीवर काळसर-तांबूस पट्टी आहे ती कासवाच्या पाठीची आहे का, असं तुम्ही विचारलंय. जुन्या इटालियन वाद्यांत खरीच कासवाची असायची, पण तुमची सेल्युलॉइडची आहे. अंगठ्याने जोरात अर्धा मिनिट घासा आणि वास घ्या, कापराचा वास येईल. सेल्युलॉइड करताना कापूरच घालतात. काडी लावून पाहायचं नाही. कुठेतरी वाचून लोक ते करतात आणि पट्टी भप्पकन पेटते, तबलीसकट.

तुमच्यासारखेच इतर कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. पाठ भोपळ्यासारखी असेल तर वाद्य इटालियन पद्धतीचं, पण इटलीचंच असं नाही. जर्मनीतही ढिगाने झाली. नटपासून, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंत मोजून दुप्पट करा: नेपल्सच्या पद्धतीत ३३ सेंटिमीटरच्या आसपास येतं, गिब्सनच्या पद्धतीत ३५ सेंटिमीटरहून थोडं जास्त. देशाचं नाव छापायची सक्ती ब्रिटनच्या १८८७च्या आणि अमेरिकेच्या १८९०च्या कायद्यांनी आली, म्हणून आत ‘जर्मनी’ वगैरे छापलेलं असेल तर बहुधा त्यानंतरचं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरचं. ‘जी. डी. आर.’ असेल तर १९४९ ते १९९०. मार्कनॉयकिर्शन हे वाद्यांचं गाव त्याच पूर्व जर्मनीत. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९५२च्या आधीचं. नागोयाच्या सुझुकीची मॅन्डोलिनही अधूनमधून दिसतात. जपानी लेबलवर कधी त्यांच्या सम्राटाच्या गणनेचं वर्ष असतं. शोवा ४५ असं असेल तर त्यात १९२५ मिळवा, १९७० येतं. मी एकदा ते ४५ पाहून ‘१९४५, अणुबॉम्बच्या वर्षीचं’ असं गिऱ्हाइकाला सांगणाऱ्या विक्रेत्याला ऐकलंय. आणि ‘गिवसन’, ‘गिबटोन’ ही आपल्या कलकत्त्याकडची नावं आहेत. वाचताना गिब्सन वाटतात, पण त्यांचा कॅलमझूशी संबंध नाही.

आता किंमत. तुम्ही दिलेले ४,२०० वाया गेले नाहीत, आणि तुम्ही लखपतीही झालेला नाहीत. गिब्सनच्या नावाने लाखाचे आकडे इंटरनेटवर पाहिले असतील, ते विसरा. पन्नासच्या दशकातल्या कलकत्त्याच्या मॅन्डोलिनला ठरलेला बाजारभाव नाही. वाजतं किती चांगलं यावर गिऱ्हाईक पैसे देतं. दांडी सरळ आहे का, हे त्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून मधल्या सातव्या पडद्यापाशी फट बघा. कागद जेमतेम जाईल इतकी असेल तर उत्तम. काडेपेटीतली काडी जात असेल तर दांडी उठली, आणि मग दुरुस्ती खरेदीपेक्षा महाग. दांडी ठीक असेल तर पडदे घासणं, नवी घोडी, तारा, सांधे चिकटवणं, एवढं दोन-तीन हजारांत होतं, माझ्याकडे काय आणि दुसऱ्या कोणाकडे काय. लेबलं मात्र कोणालाही काढू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसूही देऊ नका. आत धूळ असेल तर लोक मूठभर कोरडे तांदूळ घालून हलवतात. युक्ती चांगली आहे, पण तुमच्या लेबलाचा कोपरा सुटलाय, तेव्हा आधी तो कोपरा चिकटवून घ्या, मग तांदूळ.

आणि तारा लगेच पूर्ण सुरात चढवू नका. आठ तारांचा मिळून ओढा सत्तर-ऐंशी किलोचा असतो. या वाद्याने किती वर्षं तो सोसलेला नाही कोण जाणे. पहिली तार १०च्या (०.०१० इंच) जाडीची घ्या, त्याहून जाड नको. सुरुवातीला दोन-तीन सूर खाली ठेवा, आठवडाभर तबलीवर नजर ठेवा, मग हळूहळू जी-डी-ए-ई या नेहमीच्या सुरांवर न्या. तुम्ही एप्रिलमध्ये घेतलंय आणि आता मे अर्धा सरलाय. नवतपा येतोय. सांध्यांतला जुना सरस उन्हाने सैल पडतो. गेल्या वर्षी एकाने मॅन्डोलिन दुपारभर गाडीच्या डिकीत ठेवलं, संध्याकाळी तबली एका बाजूने उघडली होती, लिफाफ्यासारखी. कूलरसमोरही ठेवू नका. आधी कोरडी हवा, मग अंगावर ओलावा, आणि जूनमध्ये पाऊस पडला की आणखी ओल. कपाटात, खोक्यात, तारा सैल करून, भिंतीला न टेकवता. पावसाळा लागून पंधरा दिवस झाले की माझ्याकडे किंवा जवळच्या कोणाकडे न्या.

माझा निकाल असा: कलकत्त्याचं वाद्य, नागपुरात १९५० ते १९५७च्या दरम्यान विकलेलं, चाव्या, घोडी, पॉलिश आणि नाव नंतरचं. बनवल्याचं वर्ष त्याच्या थोडंच आधी असेल, कारण चालणारा माल दुकानात फार दिवस राहत नाही. पण हा अंदाज आहे, लेबलांइतका पक्का नाही. बदलू शकतो तो दोन गोष्टींनी. भोकातून छोटा आरसा घालून, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला, तबलीच्या आतल्या बाजूचा फोटो काढा. तिथे बनवणाऱ्याने काही लिहिलं असेल तर ते पाठीवरच्या आकड्यापेक्षा जास्त बोलेल, कारण तबली चिकटवल्यावर तिथे सहसा कोणाला लिहिता येत नाही. पडदे किती झिजलेत तेही कळवा. पहिल्या तीन पडद्यांत खड्डे असतील तर ते खूप वाजलंय.

दुसरी गोष्ट जास्त घाईची. येत्या शनिवारी पुन्हा बाजारात जा आणि त्या माणसाला विचारा, हे कुठल्या घरातून उचललं? कुठल्या वस्तीतून, सोबत आणखी काय होतं, खोकं होतं का, वह्या होत्या का? खोक्यात पावती निघालेली मी दोनदा पाहिलीय. हे लोक माल कुठून आणला ते सहज सांगतात, पण रोज दहा घरं फिरतात. पुढच्या महिन्यात विचाराल तर तो म्हणेल, ‘कोणतं मॅन्डोलिन, भाऊ?’